कुटुंबासाठी मोबाइल कंपनी कशी निवडावी: सावईवेऱ्याहून आलेल्या एका प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले घर फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याच्या बाजूला, कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, उतारावर आहे. घरात आपण, आपले यजमान, सासूबाई आणि दहावीत शिकणारी मुलगी असता. मुलगा पुण्याला अभियांत्रिकी शिकतो आणि दीर वर्षातले बरेच महिने जहाजावर असतात. आपण फोंड्यातील शाळेत शिकवता, यजमान रोज वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत जातात. सहा जणांची सिमकार्डे वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत, प्रत्येकाचे रिचार्ज वेगळ्या तारखेला संपते आणि त्या तारखा लक्षात ठेवण्याचे काम आपल्यावर येऊन पडले आहे. आता एका कंपनीच्या प्रतिनिधीने सर्वांसाठी मिळून एकच पोस्टपेड फॅमिली प्लॅन सुचवला आहे. तो घ्यावा का, आणि घ्यायचा झाल्यास कोणत्या कंपनीचा, असे आपण विचारले आहे.

दूरसंचार क्षेत्रात टॉवरच्या देखभालीपासून ग्राहकांच्या तक्रारींपर्यंतचे काम मी केलेले आहे. त्या अनुभवावरून आधी निष्कर्ष सांगतो आणि मग त्यामागची कारणे देतो. सहाही क्रमांक एका कंपनीच्या एका बिलाखाली आणू नयेत. घरात ज्या कंपनीचा सिग्नल सर्वांत चांगला मिळतो तिच्याकडे घरातच जास्त वेळ असणाऱ्यांचे क्रमांक ठेवावेत, आपला आणि यजमानांचा मुख्य क्रमांक मात्र दोन वेगळ्या कंपन्यांचा असावा, आणि सासूबाई व दीर यांचे क्रमांक कोणत्याही फॅमिली प्लॅनमध्ये घालू नयेत. सवलतीचा विचार हे सगळे ठरल्यानंतर करावा. आमच्याकडे तक्रारी घेऊन येणारी बहुतेक कुटुंबे नेमकी उलट दिशेने निघालेली असतात. ती सवलत पाहून कंपनी निवडतात आणि स्वयंपाकघरात फोन लागत नाही हे महिनाभराने त्यांच्या लक्षात येते.

कोणत्या कंपनीचे जाळे चांगले, या प्रश्नाला गोव्यापुरतेसुद्धा एकच उत्तर नाही. राज्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, परंतु त्यात कळंगुटसारखी सपाट किनारपट्टी आहे, पणजीसारखे दाट वस्तीचे शहर आहे आणि सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांतील डोंगराळ जंगलही आहे. माणसे किनाऱ्याला आणि शहरांत असल्यामुळे टॉवरही तिथेच दाट आहेत. २०२० साली शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा सत्तरी आणि सांगे भागातील मुले नेटवर्कसाठी डोंगरमाथ्यावर जाऊन बसत होती, हे आपण शिक्षिका असल्याने मी वेगळे सांगायला नको. त्यामुळे पर्वरीतल्या नातेवाइकाने एखाद्या कंपनीची कितीही स्तुती केली, तरी सावईवेऱ्यात तिचा काही उपयोग नाही. आपल्या वाड्यावरील शेजाऱ्याचे मत त्यापेक्षा मोलाचे आहे आणि आपल्या स्वतःच्या खोलीत घेतलेली नोंद त्याहूनही मोलाची.

आपले घर ज्या जागी आहे तिचा थोडा बारकाईने विचार करू. कुळागर हे बहुधा दोन टेकड्यांच्या मधल्या, झऱ्याच्या पाण्यावर वाढलेल्या खोलगट जमिनीत असते. टॉवर टेकडीच्या पलीकडे असेल तर त्याच्या लहरी डोंगराला अडतात; त्यातून ज्या पोहोचतात त्यांना पोफळी, माड आणि मिरवेलींची दाटी पार करावी लागते. पावसाळ्यात पाने ओली झाली की ही दाटी सिग्नलला आणखी जड जाते, म्हणून एप्रिलमध्ये चांगला चालणारा फोन जुलैमध्ये अडखळू लागतो. त्यानंतर येतात घराच्या भिंती. जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती चांगल्याच जाड असतात. सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, उभे राहून केलेला फोन स्पष्ट ऐकू येतो आणि तोच माणूस आतल्या खोलीत गेला की आवाज तुटतो, याचे कारण त्या भिंतीत असते.

इथे कंपन्यांमधला एक खरा फरक कामाला येतो, तो म्हणजे फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे लहरी सेकंदाला किती वेळा कंप पावतात त्याचा. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांबवर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी अधिक डेटा वाहून नेतात, पण भिंतीपाशीच बऱ्याचशा संपतात. कमी फ्रिक्वेन्सीपैकी जिओ ४जीसाठी ८५० मेगाहर्ट्‌झचा पट्टा वापरते, एअरटेल आणि व्हीआय (व्होडाफोन-आयडिया) ९०० मेगाहर्ट्‌झचा, तर सरकारी बीएसएनएलच्या नव्या ४जीला ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा मिळालेला आहे. जिओचे ५जीसुद्धा ७०० मेगाहर्ट्‌झवर चालते, परंतु ५जीचा जो वेग जाहिरातीत दाखवतात तो मुख्यतः ३,३०० मेगाहर्ट्‌झच्या वरच्या पट्ट्यातून येतो आणि चिऱ्याच्या भिंतीआड तो फारसा पोहोचत नाही. म्हणून आपल्यासारख्या घराने ५जीच्या वेगावरून कंपनी निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या सर्वांत जवळच्या टॉवरवर कमी फ्रिक्वेन्सीचा पट्टा कोणत्या कंपनीने सुरू केला आहे, यावर आपली सोय अवलंबून आहे आणि ते मोजूनच कळते.

बीएसएनएलविषयी थोडे अधिक सांगतो, कारण आपल्या पत्रात तिचा उल्लेख आहे आणि गावांमध्ये तिच्याविषयी आपुलकीही आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा बीएसएनएलने वाढवले नाहीत, त्यामुळे अनेकांनी तिकडे क्रमांक नेले. देशी बनावटीच्या तंत्रज्ञानावर उभारलेल्या तिच्या ४जी जाळ्याचे उद्‌घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. तिच्याकडे जाण्याआधी आपला फोन ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा, म्हणजे ‘बँड २८’, पकडू शकतो का हे फोनच्या माहितीपत्रकात पाहावे. काही जुन्या फोनमध्ये हा बँड नसतो. असे असेल तर टॉवर परसात उभा असूनही त्या फोनला त्याचा पूर्ण लाभ मिळणार नाही, आणि ग्राहक मात्र कंपनीला दोष देत राहतो.

मोजायचे कसे, ते सांगतो. फोनच्या वरच्या कोपऱ्यातील काड्यांवर विश्वास ठेवू नये. कोणत्या पातळीला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक उत्पादक स्वतः ठरवतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘फोनविषयी’ या भागात सिमची स्थिती उघडली की सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* हा क्रमांक इंग्रजी आकड्यांत डायल केला की तपासणीचा पडदा उघडतो. आकडा ऋण असतो, म्हणून तो शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीसाठी उणे ९० च्या आसपासचा आकडा उत्तम, उणे १०५ पर्यंत बोलणे निभावते आणि उणे ११५ च्या खाली गेले की कॉल तुटू लागतात. शिवाय दूरच्या टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन स्वतःची ताकद वाढवत राहतो, त्यामुळे बॅटरीही लवकर संपते. सासूबाईंची खोली, स्वयंपाकघर, मुलीची अभ्यासाची जागा आणि सोपा या चार ठिकाणी, प्रत्येक कंपनीच्या सिमवर, एकदा दुपारी आणि एकदा रात्री आठ ते दहाच्या दरम्यान आकडा लिहून ठेवावा. आपल्या घरात सध्या वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे आहेत, ही या कामासाठी मोठी सोय आहे. एखादी कंपनी त्यांत नसेल तर तिचे कमी मुदतीचे प्रीपेड सिम तेवढ्यासाठी घ्यावे.

रात्रीची नोंद का घ्यायची, तर सिग्नलची ताकद आणि टॉवरवरील गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा उत्तम असूनही व्हिडिओ अडकत असेल, तर टॉवरवर माणसे जास्त झालेली असतात किंवा टॉवरला पुरवठा करणारी फायबरची तार तुटलेली असते. दुसऱ्या प्रकारात फोनवर सगळ्या काड्या दिसतात आणि काहीच उघडत नाही. रस्ता खोदण्याच्या कामात तार कापली गेली की हे हमखास घडते. गर्दीचा खरा अनुभव मात्र चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, येतो. पणजी, मडगाव, मुंबई, पुणे इथून सगळी मंडळी मूळ घरी येतात, वाड्यावरील फोनची संख्या एका दिवसात कितीतरी पटींनी वाढते आणि एरवी शांत असलेला गावचा टॉवर दमून जातो. किनारपट्टीवर हीच अवस्था डिसेंबरअखेरीस होते. चवथीच्या दिवसांत आपल्या घरी जमलेल्या पाहुण्यांपैकी कोणाचा फोन चालतो आणि कोणाचा चालत नाही, याकडे लक्ष ठेवले तर ती नोंद कोणत्याही नकाशापेक्षा अधिक खरी ठरेल.

नकाशेही उपलब्ध आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर २जी, ४जी आणि ५जी कुठे पोहोचते याचा नकाशा ठेवावा लागतो. टॉवर नेमका कुठे आहे हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर पाहता येते. यजमानांचा वेर्ण्यापर्यंतचा रस्ता आणि आपला फोंड्याचा रस्ता तपासण्यासाठी हे नकाशे पुरेसे आहेत. घरासाठी मात्र ते पुरेसे नाहीत, कारण नकाशा घराबाहेरचा सिग्नल दाखवतो, चिऱ्याच्या भिंतीआडचा नाही.

आपल्या पत्रात जाता जाता एक गोष्ट आली आहे आणि तिच्यामुळे सारे गणित बदलते: घरात स्थानिक केबलचालकाची फायबर जोडणी आहे. असे असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करावे. एअरटेलने ही सोय २०१९ च्या अखेरीस आणि जिओने २०२० च्या आरंभी सुरू केली. व्हीआयकडेही ती आहे. फोन टॉवरऐवजी घरातील वाय-फायवरून, आपल्याच क्रमांकाने, कॉल लावतो आणि घेतो. त्यासाठी वेगळे ॲप लागत नाही आणि समोरच्या व्यक्तीला काही फरक जाणवत नाही. फोन ही सोय देतो का, हे सिमच्या सेटिंगमध्ये दिसते. आतल्या खोलीत फोन न लागण्याची तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी कुटुंबांना मी कंपनी बदलण्याआधी हे एक बटण चालू करून पाहा असे सांगितले आणि त्यांतील बऱ्याच जणांना मग कंपनी बदलावी लागली नाही.

अर्थात वीज गेली की राउटर बंद पडतो आणि वाय-फाय कॉलिंगही थांबते. आपल्याकडे जूनच्या पहिल्या वादळी पावसात झाड पडून वीज जाणे हे दरवर्षीचेच आहे. फायबरची तार बहुधा विजेच्याच खांबांवरून ओढलेली असते, त्यामुळे खांब पडला की दोन्ही एकदम जातात. अशा वेळी टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी काही तासांची असते आणि ती संपल्यावर जनरेटर नसेल, किंवा डिझेल घेऊन जाणारा माणूस पडलेल्या झाडामुळे पोहोचू शकला नाही, तर टॉवर मुका होतो. घराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. सगळ्यांचे फोन एका कंपनीवर असतील तर त्या रात्री सासूबाईंसाठी डॉक्टरांना फोन करायला घरात एकही चालू फोन राहत नाही. दोन कंपन्या असतील तर एक तरी चालू राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते. पुष्कळ म्हणालो, खात्रीने म्हणालो नाही, कारण अनेकदा दोन कंपन्यांची यंत्रे एकाच मनोऱ्यावर, एकाच बॅटरीवर असतात. तरंग संचारवर पाहून शक्य तितक्या वेगळ्या मनोऱ्यांवरील दोन कंपन्या निवडाव्यात आणि राउटरसाठी एक छोटा यूपीएस घ्यावा. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा सर्वांना एकत्र बांधणारा प्लॅन मी आपल्याला सुचवणार नाही.

आता पैशांकडे वळू. दर वारंवार बदलतात, म्हणून मी समजण्यापुरते गोल आकडे घेतो. आपण त्या जागी त्या दिवशीचे दर घालावेत. प्रीपेडमधील २८ दिवसांच्या मुदतीमुळे वर्षात बारा नव्हे, तर तेरा रिचार्ज करावे लागतात. ३०० रुपयांचे रिचार्ज असेल तर वर्षाचे ३,६०० नव्हे, ३,९०० रुपये होतात आणि चार जणांचे १५,६०० रुपये. प्रीपेडच्या जाहीर किमतीत वस्तू व सेवा कर धरलेला असतो. पोस्टपेडच्या जाहीर किमतीत तो नसतो, बिलावर १८ टक्के वर चढतो. मुख्य क्रमांकाचे ६०० आणि तीन जोड क्रमांकांचे प्रत्येकी ३०० असे १,५०० रुपये सांगितले गेले, तर हातात येणारे बिल १,७७० रुपयांचे असते आणि वर्षाचा खर्च २१,२४० रुपयांवर जातो. प्रतिनिधीने आपल्याला जी बचत सांगितली ती करासह आणि वर्षभराच्या हिशेबाने पुन्हा मांडून पाहावी. ती टिकली तर उत्तमच.

पोस्टपेडचा फायदा कोणाला होतो, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घराबाहेर ज्यांचा डेटा फार खर्च होतो, ज्यांना परदेशात वारंवार जावे लागते, ज्यांचा क्रमांक रिचार्जअभावी एक दिवसही बंद पडून चालत नाही, त्यांच्यासाठी तो चांगला आहे. आपल्या कुटुंबात या वर्णनात बसतात ते यजमान. ते दिवसभर वेर्ण्याला असतात आणि कारखान्याचे काम फोनवर चालते, असे आपण लिहिले आहे. आपला आणि मुलीचा डेटा मात्र बहुतेक घरच्या वाय-फायवर खर्च होत असणार. फोनच्या सेटिंगमध्ये गेल्या महिन्याचा मोबाइल डेटाचा आकडा दिसतो, तो पाहावा. रोज दोन जीबीचे रिचार्ज करणाऱ्या घरांत प्रत्यक्ष मोबाइल डेटा महिन्याला जेमतेम पाच-सहा जीबी वापरला गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. इतक्या वापरासाठी सामाईक डेटाचा मोठा साठा विकत घेण्यात अर्थ नाही.

रिचार्जच्या तारखा हा आपला मूळ त्रास आहे आणि मी तो हलका मानत नाही, परंतु तो फॅमिली प्लॅनशिवायही सुटतो. ट्रायच्या २०२२ च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला किमान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवावा लागतो. सगळ्यांची तारीख पाच ठरवून घेतली की महिन्यातून एकदा बसून सारे उरकता येते. ज्या क्रमांकांची कंपनी आता बदलायची नाही, त्यांच्यासाठी वर्षभराचा प्लॅन त्याहून सोपा.

सासूबाईंकडे बटणांचा साधा फोन आहे आणि त्या फक्त बोलतात, असे आपण कळवले आहे. तो फोन २जीचा असेल तर जिओचे सिम त्यात चालणार नाही, कारण जिओकडे २जी सेवाच नाही. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलची २जी सेवा चालू आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलले आणि जानेवारी २०२५ पासून खासगी कंपन्यांनी डेटा नसलेले, केवळ कॉल आणि एसएमएसचे प्लॅन आणले, त्यांत ८४ दिवसांचे आणि वर्षभराचेही आहेत. सासूबाईंसाठी तोच घ्यावा. हे प्लॅन दुकानात आपण होऊन कोणी दाखवत नाही. नाव घेऊन मागावे लागतात. त्यांचे निवृत्तिवेतन ज्या बँकेत जमा होते तिचा ओटीपी एसएमएसने येतो, आणि तो या प्लॅनवर येत राहील.

मुलाच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. परवान्यांच्या दृष्टीने महाराष्ट्र आणि गोवा हे एकच क्षेत्र आहे. मुंबई त्यातून वेगळी आणि बेळगाव, कारवार कर्नाटकाच्या क्षेत्रात. त्यामुळे मुलाला पुण्यात क्रमांक पोर्ट करायचा, म्हणजे क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलायची, झाल्यास तो क्षेत्रांतर्गत बदल ठरतो आणि तीन कामकाजी दिवसांत होतो. क्षेत्राबाहेरच्या बदलाला पाच दिवस लागतात. कंपनी त्याने पुण्यातील वसतिगृहाच्या खोलीत मोजून ठरवावी. सुटीत तो घरी येईल तेव्हा वाय-फाय कॉलिंग आहेच. त्याला आपल्या प्लॅनमध्ये ओढून सावईवेऱ्याला सोयीची कंपनी पुण्यात वापरायला लावू नये.

आता नावाचा प्रश्न, ज्याकडे फॅमिली प्लॅन घेताना कोणी पाहत नाही. सोयीसाठी सगळे क्रमांक घरातील एका पुरुषाच्या नावावर घेतले जातात. बिल थकले की सगळ्यांचे फोन एकदम बंद होतात, ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण त्या व्यक्तीचे निधन झाल्यावर येते. माझ्याकडे अशी एक भगिनी आली होती. पतीच्या नावावरील प्लॅन बंद होण्याच्या मार्गावर होता, तिचा स्वतःचा वर्षानुवर्षांचा क्रमांकही कागदोपत्री पतीचाच होता आणि तिची बँक, गॅस आणि आधार सगळे त्याच क्रमांकाला जोडलेले होते. मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रे आणि कंपनीच्या दालनातील फेऱ्या यांत त्या दुःखाच्या दिवसांत तिचे जे हाल झाले, ते कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत. म्हणून प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा क्रमांक तिच्या स्वतःच्या नावावर असावा, हा माझा आग्रह आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला सिम देता येत नाही, त्यामुळे मुलीचा क्रमांक आपल्या नावावर राहील. ती अठरा पूर्ण झाल्यावर तो तिच्या नावावर करून घ्यावा. कोणाच्या नावावर किती क्रमांक आहेत हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते आणि अनोळखी क्रमांक दिसल्यास तिथेच कळवता येतो. एका व्यक्तीच्या नावावर आपल्याकडे जास्तीत जास्त नऊ जोडण्या चालतात.

प्रतिनिधीला विचारायचे प्रश्न तीनच आहेत, पण त्यांची उत्तरे ई-मेलने किंवा संदेशाने लेखी घ्यावीत. जोड क्रमांक वापरणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर राहील का? मुख्य क्रमांक उद्या दुसऱ्या कंपनीकडे गेला तर जोड क्रमांकांचे काय होते आणि त्यांचा दर काय लागतो? आणि सांगितलेली रक्कम करासह आहे की कराशिवाय? लेखी उत्तर देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून प्लॅन घेऊ नये.

प्रत्यक्ष पोर्ट करताना घाई करू नये, कारण एकदा कंपनी बदलली की ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. इंग्रजी अक्षरांत पोर्ट हा शब्द, एक जागा सोडून आपला क्रमांक, असा संदेश १९०० वर पाठवला की आठ अक्षरांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. प्रीपेडमधील उरलेली शिल्लक आणि मुदत नव्या कंपनीकडे जात नाही, म्हणून चालू रिचार्ज संपत आल्यावरच हे करावे आणि नव्या कंपनीचा वर्षभराचा प्लॅन पहिल्या दिवशी घेऊ नये. एक पावसाळा जाऊ द्यावा. पोस्टपेड सोडताना शेवटचे बिल भरल्याची पावती जपून ठेवावी, कारण जुनी थकबाकी राहिली तर नव्या कंपनीकडील सेवाही बंद होऊ शकते. सिम हरवून बदलून घेतले असेल तर जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. सिमच्या चोरीतून होणारी फसवणूक रोखण्यासाठी हा नियम आहे. बदलाच्या दिवशी काही तास फोन बंद राहतो, तेव्हा त्या दिवशी बँकेचे महत्त्वाचे व्यवहार ठेवू नयेत. सुरुवात यजमानांच्या क्रमांकापासून करावी. तो महिनाभर नीट चालला की मग, आपल्या नोंदींनी तसे सांगितले असेल तरच, दुसरा. काही बिघडल्यास १९८ वर तक्रार नोंदवून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि तेवढ्याने भागले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागावी. ट्राय वैयक्तिक तक्रारी स्वतः हाताळत नाही. त्यांना पत्र पाठवून उत्तराची वाट पाहण्यात वेळ जातो.

शेवटी दिरांचा क्रमांक. त्यांना तो मुख्यतः बँकेच्या ओटीपीसाठी हवा आहे, तेव्हा वर्षभराच्या मुदतीचा कमीत कमी दराचा प्रीपेड प्लॅन आणि निघण्यापूर्वी चालू करून घेतलेले आंतरराष्ट्रीय रोमिंग त्यांना पुरेल. मुदत संपली की आधी आउटगोइंग, काही दिवसांनी इनकमिंग आणि मग क्रमांकच बंद होतो, आणि बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या माणसाला दिला जातो. बँक खाते मात्र त्याच क्रमांकाला जोडलेले राहते. म्हणून मुदतीची तारीख त्यांच्या करारापेक्षा दोन महिने पुढची असावी. जहाजावर चढल्यावर फोन विमान स्थितीत (एअरप्लेन मोडवर) ठेवून जहाजाचे वाय-फाय वापरावे, कारण समुद्रातील जहाजावरच्या नेटवर्कचे दर फार भारी असतात. कंपनी बदलायचीच असेल तर ते घरी असतानाच बदलावी. ओळख पटवण्यासाठी ते स्वतः हजर लागतात आणि नवे सिम त्यांच्याच फोनमध्ये घालावे लागते. ते समुद्रात असताना पोर्टचा अर्ज केला, तर जुने सिम तिथे बंद पडेल आणि नवे इथे कपाटात पडून राहील.